ठरावात लिहिलं ‘बोलार्ड’: एका जेट्टीवर चुकीच्या जागी बसलेल्या ८४ खांबांचं प्रकरण

कोकण किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार बंदरात घडलेलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव, सोसायटीचं नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम गाळली आहे. मी बांधकाम क्षेत्रातला अभियंता आहे, आणि ज्या अंदाजपत्रकातून हे सगळं उभं राहिलं त्याच्या तपासणीच्या रकान्यात माझी सही आहे. लहान बंदरांत आज अशीच कामं निघत आहेत, तेव्हा त्या कामांवर सही करणाऱ्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

खाडीच्या तोंडाशी ११० मीटर लांबीची काँक्रीटची जेट्टी. खाली खांब, वर तुळया आणि स्लॅब. रोज साठेक यांत्रिक होड्या लागतात, एकीला एक बांधून तीन-तीन, चार-चार ओळींत. जेट्टी बांधली तेव्हा कडेला होड्या बांधायचे बिडाचे सहा बोलार्ड बसवले होते. आता त्यातले तीनच वापरता येत होते. एकाचं डोकं तुटलं होतं, एकाचे बोल्ट गंजून तो हाताने हलवला तरी डुलायचा आणि एक लिलावाच्या शेडच्या पायरीत अर्धा गाडला गेला होता. त्यामुळे खलाशी शिडीच्या दांड्याला, शेडच्या खांबाला, हाताला लागेल त्याला दोर बांधत.

दुसरं दुखणं गाड्यांचं. सकाळी मासळी उतरायच्या वेळी टेम्पो, रिक्षा, बर्फाची गाडी, पर्यटकांच्या मोटारी थेट कडेपर्यंत येत. टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांच्या पाठीशी गाडीचं बंपर. एक टेम्पो मागे घेताना चाक कडेच्या बाहेर गेलं आणि तो कसाबसा थांबला. त्यानंतर लिलावाला बसणाऱ्या बायकांनी सोसायटीत जाऊन सांगितलं, गाड्या अडवा, नाहीतर आम्ही बसणार नाही.

सोसायटीची सभा झाली. मी त्या सभेला नव्हतो, पण पुढे दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोललो. नाखवांनी सभेत मागितले ते ‘खुंटे’. बायकांनी मागितले ते ‘खांब’. इतिवृत्त लिहिणाऱ्या तरुणाला वाटलं, सरकारी कागदात नीट तांत्रिक शब्द हवा. त्याने दोन्ही मागण्यांसाठी एकच ओळ लिहिली: ‘जेट्टीवर आवश्यक तेथे बोलार्ड बसविण्यात यावेत.’ सगळ्यांनी अंगठे-सह्या केल्या. प्रत्येकाला वाटलं, आपलं काम झालं.

एकाच शब्दाच्या दोन वस्तू

त्या तरुणाने शब्द चुकीचा वापरला नव्हता. बोलार्ड दोघांनाही म्हणतात.

शब्द मूळचा बंदराचा. झाडाच्या बुंध्यासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून तो आला असावा असं मानतात. धक्क्यावर रोवलेला आखूड, जाड खुंटा, ज्याला जहाजाचा दोर अडकवायचा. युरोपातल्या बंदरांत निकामी तोफा तोंड वर करून जमिनीत गाडत आणि त्यांनाच दोर बांधत. पुढे तसेच आखूड ओतीव खांब रस्त्याच्या कडेला, गाड्यांना आवर घालायला उभे राहिले. लंडनमधल्या कित्येक जुन्या खांबांचा आकार आजही तोफेचा आहे. ॲमस्टरडॅमने फूटपाथच्या कडेला लावलेले तपकिरी, तीन फुल्या कोरलेले खांब तर त्या शहराची खूणच झाले. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फूटपाथवर स्टीलचे किंवा दगडी खांब आले आणि वर्तमानपत्रांतून ‘बोलार्ड’ हा शब्द घराघरांत पोचला. बंदराशी कधी संबंध न आलेल्या अभियंत्याच्या डोळ्यांसमोर तोच फूटपाथवरचा खांब येतो.

(एका पत्रात ‘बॅलार्ड’ असंही लिहिलेलं सापडलं. मुंबईची बॅलार्ड इस्टेट बंदराला लागूनच असल्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो. तिचं नाव बॉम्बे पोर्ट ट्रस्टचे कर्नल बॅलार्ड यांच्यावरून पडलं आहे, खुंट्यावरून नव्हे.)

दोन्ही वस्तू दिसायला सारख्या, कामं मात्र उलटी. रस्त्यावरच्या बोलार्डला गाडी बाहेरून ढकलते. तो घाव क्वचित बसतो, खाली बंपरच्या उंचीवर बसतो आणि क्षणात संपतो. बंदरातल्या बोलार्डला होडी ओढते. ही ओढ दिवसरात्र चालू असते, लाटेगणिक कमीजास्त होते आणि भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलते. ओहोटीला होडी खाली जाते तेव्हा दोर कडेवरून खाली ओढतो. उधाणाच्या भरतीला तीच होडी जेट्टीच्या वर डोकं काढते आणि दोर वरच्या दिशेने खेचतो. म्हणून बंदराच्या खुंट्याला वर रुंद डोकं किंवा बाजूला कान असतात, नाहीतर फास निसटून वर निघून जाईल. तो ठेंगणा असतो, कारण दोर जितका खाली तितका बुडाला ताण कमी. आणि तो गुळगुळीत, गोल, जाड असतो.

या गोलपणामागे मोठं गणित आहे. दोराचे वेढे खुंट्याभोवती घेतले की घर्षणाने पकड गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला ताण साडेसहा पटीहून थोडा जास्त पेलता येतो, दोन वेढ्यांना ४३ पट आणि तीन वेढ्यांना जवळपास २८५ पट. म्हणजे तीन वेढे घेऊन दोराचं टोक १० किलोच्या जोराने धरलेला एकटा खलाशी पावणेतीन टनांची ओढ थोपवतो. जहाज ओढणाऱ्या टगबोटीची ताकदसुद्धा ‘बोलार्ड पुल’ म्हणून टनांत सांगतात, कारण ती किनाऱ्यावरच्या बोलार्डला दोर बांधून, इंजिन पूर्ण ताकदीने चालवून मोजायची पद्धत आहे.

अंदाजपत्रक कसं झालं

ठराव ज्या कार्यालयात गेला तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने ‘बोलार्ड’ या नावाची बाब शोधली. त्याला मिळाली ती रस्तेसुशोभीकरणाची: १५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप, ९० सेंटिमीटर उंच, पिवळे-काळे पट्टे, वर परावर्तक टेप, बुडाला २० सेंटिमीटरची चौरस प्लेट आणि चार १२ मिलिमीटरचे पसरणारे बोल्ट. टेम्पोचं चाक कडेबाहेर गेल्याची हकिगत त्याच्या कानावर होती. त्याने खांब जेट्टीच्या कडेने, १.२ मीटरच्या अंतराने दाखवले. शिड्यांच्या जागा सोडून एकूण ८४.

तो कागद माझ्याकडे आला. मी दर पाहिले, संख्या जुळवली, बेरीज तपासली आणि सही केली. आराखड्यावर कडेची रेघ होती. त्या रेघेच्या पलीकडे पाणी आहे आणि पाण्यात होड्या आहेत, हे मला ठाऊक होतं. तरीही एवढे खांब कडेला दिसल्यावर खलाशी त्यांना दोर बांधतील का, हा प्रश्न मी विचारला नाही. निर्णयाची पहिली जागा ही होती आणि ती माझ्या हातून गेली.

दुसरी जागा काम चालू असताना आली. एका नाखवाने ठेकेदाराच्या मुकादमाला विचारलं, ‘याला किती होड्या धरतील?’ मुकादमाने उत्तर दिलं, ‘मजबूत आहे, लोखंड आहे.’ हा संवाद मला नंतर दोघांनीही सांगितला. दोघेही खरंच बोलत होते. पाइप मजबूतच होता, कमकुवत होतं त्याचं बूड. स्लॅबवर ७५ मिलिमीटरचा झिजेचा थर (वापराने झिजावा म्हणून वर दिलेलं काँक्रीट) होता, बोल्ट तेवढ्याच थरात बसले होते. खालच्या तुळईपर्यंत एकही पोचला नव्हता.

घटना

खांब बसून पाच महिने झाले होते. ऑक्टोबरात वादळाचा इशारा आला आणि बाहेर गेलेल्या होड्या संध्याकाळपर्यंत आत शिरल्या. आजूबाजूच्या बंदरांतल्याही काही आल्या. जुन्या तीन खुंट्यांवर जागा उरली नाही. खलाशांसमोर स्वच्छ, नवे, हाताच्या अंतरावर ओळीने उभे असलेले खांब होते. त्यांनी तेच केलं जे कुणीही दर्यावर्दी माणूस करेल.

वारा जमिनीकडून होता, म्हणजे होड्यांना जेट्टीपासून लांब ढकलत होता. खाडीच्या तोंडातून लाटा आत येत होत्या. रात्री भरती चढली तशी होड्या वर आल्या आणि दोर वरच्या बाजूला ताणले गेले. मध्यरात्रीनंतर पहिला खांब उपटला. तीन होड्या त्याच्यावर आणि शेजारच्या एकावर होत्या. त्यामुळे सगळा भार शेजारच्यावर गेला आणि तोही निघाला. ताणलेल्या दोराच्या टोकाला १०-१५ किलोचा पाइप होता. दोराने तो गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला. तो एका होडीच्या केबिनची काच फोडून आत गेला. काचेमागे उभ्या असलेल्या खलाशाचा हात मनगटाच्या वर मोडला. सुटलेल्या होड्यांपैकी दोन एकमेकींवर आपटल्या, एकीच्या फळ्या फुटल्या. बाकीच्यांनी इंजिनं चालू करून, नांगर टाकून रात्र काढली. जीव गेला नाही.

सकाळी मी पोचलो तेव्हा ११ खांब जागेवर नव्हते. ते निघाले होते त्या ठिकाणी काँक्रीटमध्ये बशीसारखे उथळ खड्डे पडले होते आणि बोल्ट पाइपाच्या प्लेटला तसेच लटकत होते, न वाकता. उभ्या राहिलेल्या एका खांबावर दोराचे तीन वेढे अजून होते. वेल्ड केलेल्या टोपीच्या धारेवर हिरव्या दोराचे धागे तुटून गुंतले होते. शेजारी उभा असलेला नाखवा म्हणाला, ‘साहेब, पोरांनी बांधलं होतं बरोबर. तुमचा खुंटा निघाला.’

काय घडलं याचा हिशेब

नंतर मी आकडे मांडले. ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण २४ किलो येतो. होडीची बाजू आणि केबिन मिळून ३० चौरस मीटर धरलं तर एका होडीवर सुमारे ७०० किलो. तीन होड्या एकमेकींच्या आडोशाला असल्या तरी मिळून दीड टन सहज होतात. शिवाय लाटेने होडी मागे येऊन पुन्हा सुटली की दोराला हिसका बसतो, तो वेगळा.

दोर होता ६० सेंटिमीटर उंचीवर. बुडाशी बोल्टांना मिळणारा आधार जेमतेम १६ सेंटिमीटरचा. पहारीने दगड उचकटावा तसा हा प्रकार. वर एक टन ओढलं की खाली बोल्टांवर पावणेचार टन येतात आणि ते दोनच बोल्ट घेतात. झिजेच्या थरात बसलेल्या १२ मिलिमीटरच्या बोल्टाला हे झेपणारं नव्हतं. वाऱ्याच्या ओढीलाच ते निघाले असते. हिसक्याची गरजही नव्हती.

वेढे घट्ट असल्यामुळे दोर कुठेही घसरला नाही. कच्चं बांधलं असतं तर कदाचित दोर सरकला असता, होडी थोडी लांब गेली असती आणि खांब वाचला असता. खलाशांच्या चोख कामामुळेच पूर्ण भार बुडापर्यंत पोचला.

मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की हा खांब रस्त्याचा म्हणूनही खरा नव्हता. गाडी थांबवणारा बोलार्ड ही वेगळीच गोष्ट आहे. २००७ साली ग्लासगो विमानतळावर हल्लेखोरांनी जीप थेट इमारतीच्या दारावर घातली, तेव्हा दारासमोरच्या खांबांमुळे ती आत घुसू शकली नाही. अशा खांबांच्या चाचणीत ६,८०० किलोचा ट्रक ताशी ८० किलोमीटरने आदळवतात. त्यांची ताकद जमिनीखालच्या पायात असते. आमचा पाइप फक्त ‘इथून पुढे येऊ नका’ असं सांगणारा होता. टेम्पो जरा जोरात मागे आला असता तर खांबासकट पाण्यात गेला असता. बायकांना वाटत होतं, आपण आता सुरक्षित आहोत.

समोर आलेले पर्याय

पहिला आठवडा घाईचा होता. दुसरं वादळ येण्याआधी काहीतरी करायला हवं होतं. उरलेले ७३ खांब तसेच ठेवून ‘येथे होड्या बांधू नयेत’ अशा पाट्या लावाव्यात, असं एका अधिकाऱ्याने सुचवलं. खर्च कमी होता. सोसायटीने ते ऐकूनही घेतलं नाही आणि मला त्यांचं पटलं. बांधता येण्यासारखी वस्तू कडेला उभी करायची आणि वादळाच्या रात्री, अंधारात, पाटी वाचायची अपेक्षा ठेवायची, याला उपाय म्हणता येत नाही.

दुसरी सूचना ठेकेदाराची: पाइप काँक्रीटने भरू, बोल्ट मोठे करू. यावर आमच्यात दोन बैठका गेल्या, कारण ऐकायला ती वाजवी होती. पण दर १.२ मीटरवर स्लॅबला भोकं पाडून ती ओढ द्यायची तर खालचा स्लॅब त्यासाठी केलेला नव्हता. आणखी एक गोष्ट बायकांनी दाखवून दिली. खांब कडेला आल्यापासून होडीतून टोपली वर घेताना ती दर वेळी खांबाला घासत होती आणि क्रेट आडवं करून काढावं लागत होतं. कडेला मोकळी जागा हवी, हे मला कागदावर कळलं नसतं.

तिसरा पर्याय सगळंच काढून पूर्ववत करण्याचा. त्यात गाड्यांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला असता.

चौथा पर्याय म्हणजे मूळ सभेतल्या दोन मागण्या पुन्हा वेगळ्या करणं. पाण्याच्या कडेला खरे खुंटे, थोडेच पण भक्कम. गाड्यांसाठी खांब कडेला नकोतच, ते जेट्टीच्या तोंडाशी, जिथून गाडी आत येते तिथे. आम्ही हा घेतला.

काय केलं

तीन दिवसांत कडेचे सगळे पाइप कापून काढले. गाड्या अडवायला जेट्टीच्या तोंडाशी काँक्रीटचे दोन ठोकळे टाकले. ही घाई आणखी एक चूक करून गेली. ठोकळ्यांना ना रंग होता ना परावर्तक. दुसऱ्याच रात्री एक स्कूटरवाला धडकला. गुडघ्यावर निभावलं, पण आडवी वस्तू अंधारात दिसली पाहिजे ही पहिली अट आम्ही तात्पुरत्या कामात विसरलो होतो.

खुंट्यांसाठी ‘आय. एस. ४६५१’ या बंदरांच्या भारतीय मानकाचा तिसरा भाग उघडला. त्यात २,००० टन विस्थापनापर्यंतच्या (म्हणजे मालासकट एकूण वजनाच्या) जहाजाला १० टनांची ओढ धरायला सांगितली आहे. आमच्या होड्या त्या मानाने फारच लहान, पण एका खुंट्यावर तीन-चार होड्यांचे दोर येतात हे लक्षात घेऊन १० टनच ठरवले. जेट्टीचा मूळ आराखडा शोधायला तीन आठवडे लागले. तो मिळाला तेव्हा दिसलं, की जुन्या सहा खुंट्यांच्या जागी तुळया मुळातच १० टनांसाठी धरलेल्या होत्या. म्हणून पाच खुंटे त्याच जागी बसवले. पायरीत गाडलेल्याची जागा सोडली आणि त्याच्याऐवजी एक शेजारच्या तुळईवर, खालून जादा लोखंड देऊन घेतला.

ओतीव पोलादाचे, रुंद डोक्याचे, गुडघ्याएवढे खुंटे. प्रत्येकाला ३० मिलिमीटरचे चार बोल्ट, तुळईतून आरपार, खाली जाड प्लेट आणि नट. खालचे नट आवळायला ओहोटीच्या वेळी होडीत उभं राहून काम करावं लागलं. दिवसाला जेमतेम अडीच तास मिळत. एका खुंट्यावर हायड्रॉलिक जॅकने साडेबारा टन ओढ देऊन चाचणी घेतली, सोसायटीच्या लोकांसमोर. त्यानंतर प्रत्येक खुंट्यावर मोठ्या अक्षरात ‘१० टन’ रंगवलं. आकडा खुंट्यावरच असावा, हा आग्रह त्या मोडक्या हाताच्या खलाशाचा होता.

गाडीचं चाक कडेबाहेर जाऊ नये म्हणून खुंट्यांच्या मधल्या भागात २५ सेंटिमीटरचा बुटका काँक्रीटचा कठडा केला. त्यावरून दोर जातो, टोपलीही जाते.

तोंडाशी किती फट ठेवायची

सर्वांत लांबलेली चर्चा ही होती. जेट्टीचं तोंड ६.८ मीटर रुंद. बायकांचं म्हणणं, मोटारसायकलीही अडल्या पाहिजेत, त्याच सर्वांत जास्त घुसतात. त्यासाठी फट ६० सेंटिमीटरच्या आसपास आणावी लागली असती. पण तेवढ्या फटीतून बर्फाची हातगाडी जात नाही. आणि रोज सकाळी तीनचाकी सायकलवरून एक म्हातारा खलाशी जाळी विणायला येतो. तो बाहेरच राहिला असता.

याच सुमारास मुंबईतल्या फूटपाथवरच्या खांबांचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे होता. चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्या एका व्यक्तीच्या तक्रारीवरून न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. दुचाक्या येऊ नयेत म्हणून लावलेल्या खांबांनी खुर्चीची वाट बंद केली होती. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. तो फूटपाथला लागू आहे तसाच जेट्टीलाही, हे मी सभेत सांगितलं.

एका मावशींनी मला विचारलं, ‘मग मोटारसायकल आली तर तुम्ही येणार का अडवायला?’ प्रश्न योग्य होता. मी त्यांना खरं तेच सांगितलं: खांबाने मोटार आणि टेम्पो अडतो. दुचाकी अडवू आणि खुर्ची सोडू, असा खांब नाही. शेवटी १.२ मीटर मोकळी फट ठरली. २० सेंटिमीटर जाडीचे चार खांब, पाच फटी. दोन बाजूचे पक्के, ९० सेंटिमीटर खोल काँक्रीटच्या पायात. तिथे खाली भराव असल्यामुळे खणता आलं. मधले दोन काढता येणारे, म्हणजे काढल्यावर ४ मीटरची वाट मिळते आणि बर्फाची गाडी किंवा रुग्णवाहिका आत जाते. दुचाकींसाठी लिलावाच्या वेळेत सोसायटीचा माणूस उभा राहील असं ठरलं.

पुढे काय झालं

नव्या खुंट्यांवर आता तीन पावसाळे गेले आहेत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या ओढून घेतात, पण बंदी उठल्यानंतरच्या वाऱ्यातही एकही बोल्ट हललेला नाही. गर्दीच्या दिवशी एका खुंट्यावर चार-पाच फास येतात. जो आधी निघणार त्याचा फास खाली अडकू नये म्हणून नवा फास आधीच्या फासातून खालून वर घेऊन मग खुंट्यात घालतात. नाखवाने मला ते स्वतःच्या हाताने करून दाखवलं: डाव्या हाताने जुना फास उचलला, उजव्याने नवा त्यातून वर काढला, खुंट्यावर टाकला. मग मला जुना दोर सोडवायला सांगितला. नवा जागचा हलला नाही आणि जुना अलगद निघाला.

तोंडाशी असलेल्या पक्क्या खांबांपैकी एकाला बर्फाची गाडी मागे घेताना आदळली. खांब बोटभर कलला, पाया हलला नाही, गाडी बाहेरच थांबली.

काढायच्या खांबांनी मात्र त्रास दिला. जमिनीतल्या नळीत वाळू, खवले आणि बर्फाचं पाणी साचतं. कुलूप गंजतं. एकदा रुग्णवाहिका आली तेव्हा किल्ली ज्याच्याकडे होती तो समुद्रात होता. आता एक किल्ली बर्फाच्या कारखान्यात आणि एक शेडमध्ये असते. नळी दर पंधरवड्याला साफ होते, निदान व्हायला हवी. दुचाकींच्या वेळी उभा राहणारा माणूस पहिले चार महिने उभा राहिला. नंतर नाही. बायकांची ती तक्रार आजही कायम आहे आणि ती रास्त आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सही करण्याआधी मी एकदा, सकाळी सहा वाजता, भरतीच्या वेळी जेट्टीवर उभा राहिलो असतो तर कडेला ८४ खांब कधीच आले नसते. त्यासाठी गणिताचीही गरज नव्हती.

ठरावात लोकांचे शब्द जसेच्या तसे राहायला हवे होते. ‘खुंटे’ म्हटलं की दोर आठवतो, ‘खांब’ म्हटलं की आठवत नाही. मराठीत फरक स्वच्छ होता, आम्ही तो इंग्रजी शब्दाखाली पुसला. आता आमच्या कार्यालयातल्या अंदाजपत्रकात नुसता ‘बोलार्ड’ लिहिलेला मी परत पाठवतो. ‘होडी बांधण्याचा खुंटा, इतके टन’ किंवा ‘वाहनरोधक खांब, पाया इतका खोल’ असं लिहून आलं तरच पुढे जातं.

जुने तीन खुंटे निकामी झाले तेव्हाच ते बदलले असते तर वादळाच्या रात्री कुणाला पाइपाकडे जावं लागलं नसतं. त्यांच्या देखभालीची नोंदवहीच नव्हती. आणि मूळ आराखडा सोसायटीच्या कपाटात एक प्रत म्हणून असता तर ते तीन आठवडे वाचले असते. ती प्रत आता तिथे आहे.

उत्तरेकडचे दोन खुंटे यंदा रिकामेच आहेत. त्या बाजूला गाळ साचून ओहोटीला होडी बूड टेकते, म्हणून तिकडे कुणी लावत नाही. सोसायटीने गाळ काढण्याचा ठराव केला आहे. तोवर सगळा भार उरलेल्या चार खुंट्यांवर येतो, आणि ऑक्टोबरच्या आत त्यांचे खालचे नट पुन्हा आवळून घ्यायचे आहेत.